बांधावरचा टाकळा एवढ्यात कापू नका

सोयाबीन काढणीला आलं की इंदूर भागात बांधही लगोलग साफ होतात. ज्यांची वांगी-टोमॅटो फुलात आहेत, त्यांनी टाकळा, म्हणजे इथला पुवाडिया, अजून उभा ठेवावा.

टाकळ्याच्या फुलात मकरंद नसतो. असतो तो पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतो. वांग्याचंही तसंच. टोमॅटोतही मकरंद नसतो आणि पराग परागकोशांच्या नळीच्या टोकातूनच सांडतो. म्हणून टाकळ्यावर येणारे कीटकच या भाज्यांच्याही कामाचे. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून छाती थरथरवते, तेव्हा पराग तिच्या पोटावर सांडतो. हा आवाज उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चिरका असतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही, ती सांडलेलं वेचते. त्यामुळे वांग्यासाठी मधपेट्या आणण्याआधी बांध बघा.

सकाळी ऊन पडल्यावर, वारा नसताना, मीटरभर लांब-रुंद तुकडा निवडा. आधी उमललेली फुलं मोजा, मग सावली पडणार नाही असं उभं राहून 10 मिनिटं भेटी मोजा. तीन दिवस तीच वेळ ठेवा. कीटक परागकोशाला किंवा फुलाच्या कुक्षीला (पराग जिथे चिकटायला हवा त्या मधल्या टोकाला) टेकला तरच भेट धरा. मुंग्या हमखास फसवतात. त्या पानाच्या दांड्यावरच्या, खालच्या पर्णिकांमधल्या (एका पानातल्या छोट्या पानांमधल्या) गोड ग्रंथींसाठी येतात. फुलाशी त्यांचा संबंध नसतो.

आता वांग्यात या. 10 कळ्यांवर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी बारीक मच्छरदाणीची सैल पिशवी बांधा, 10 उघड्या ठेवून खूण म्हणून दोरा बांधा. पिशवीतल्या फुलांवरून किड्यांशिवाय किती फळं धरतात ते कळेल. आणखी 10 उघड्या फुलांच्या देठाला बॅटरीवरचा टूथब्रश 2-3 सेकंद लावा. फुलं उमलली की कुक्षी बघा: ती परागकोशांच्या आत दबलेली असेल, तर ते फूल बहुधा गळणारच. त्याचा दोष किड्यांवर टाकू नका, ते मोजणीतून वगळा. ब्रश लावलेल्या फुलांना उघड्यांपेक्षा स्पष्ट जास्त फळं धरली, तर भुंगे कमी पडताहेत.

टाकळा शेंगा हिरव्या असतानाच कापा. वाळल्या की बी शेतभर होतं. गाजरगवताला मात्र थारा नको, फुलण्याआधी मुळासकट उपटा. औषध फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर, आणि फवारा बांधावर जाऊ न देता. बांधाच्या उघड्या मातीत पेन्सिलीएवढी भोकं दिसली तर तिथे नांगर लावू नका, ती एकट्या राहणाऱ्या माश्यांची घरं असू शकतात. भुंगे वाळक्या लाकडात आणि बांबूत राहतात. मांडवाचे जुने बांबू जाळण्याआधी त्यांत गोल भोकं आहेत का, ते पाहा.