कार्ल्याच्या चैत्यगृहाचे फोटो: उजेडाचं गणित

सकाळी धावतपळत जाऊ नका, चैत्याचं, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाचं, तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे वरच्या नालाकृती गवाक्षातून उजेड नीट आत शिरतो तो दुपार कलल्यावरच. फ्लॅश बंद ठेवा, सगळं सपाट करून टाकतो तो. मोबाइल कॅमेऱ्याची ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा) लावून स्तूपाकडे तोंड करून बरोब्बर मधोमध उभं राहा आणि दोन्हीकडच्या खांबांच्या रांगा सारख्या दिसेपर्यंत थोडं थोडं सरका. खांब अष्टकोनी आहेत, एक बाजू उजळते आणि शेजारची काळोखात जाते, तीच तर मजा! उजळलेल्या बाजूवर टॅप करून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) जरा खाली ओढा. छताच्या सागवानी कमानींसाठी कॅमेरा सरळ वर. आणि रविवार टाळा, लेण्याशेजारच्याच एकविरेच्या देवळात तुफान गर्दी असते.