मोत्झार्टचे तीन सोनाटे रेकॉर्ड करण्याआधी

रेकॉर्डिंगची तारीख ठरली की आधी मायक्रोफोनची चौकशी सुरू होते. ती शेवटी करा. मोत्झार्टचे पियानो सोनाटे के. ३३०, ३३१ आणि ३३२ (के. म्हणजे क्योखेलच्या सूचीतला क्रमांक) घेऊन स्टुडिओत जाणार असाल, तर पहिलं काम टेबलाशी बसून करायचं आहे: नक्की कोणते स्वर वाजवायचे ते ठरवणं. हे तिन्ही सोनाटे १७८४ साली व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाने एकत्र छापले, पण ती छापील प्रत आणि मोत्झार्टचं हस्तलिखित जागोजाग जुळत नाहीत. ३३०च्या मधल्या भागाचे शेवटचे चार बार (स्वरलेखनातले मात्रांचे खण) हस्तलिखितात नाहीत, छापील प्रतीत आहेत. ३३१च्या हस्तलिखिताचं शेवटचं पान तेवढं माहीत होतं; २०१४मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणखी चार पानं सापडली आणि सगळ्यांना पाठ असलेल्या या सोनाट्यातले काही तपशील बदलले. तेव्हा शिक्षकांच्या पेन्सिलीच्या खुणांची जुनी प्रत प्रेमाने कपाटात ठेवा आणि २०१४च्या या शोधानंतर सुधारलेली अर्टेक्स्ट आवृत्ती, म्हणजे मूळ साधनांवरून तपासलेली प्रत, मागवा. लवकर मागवा, बोटांची सवय आठवड्यात मोडत नाही.

मग पुनरावृत्त्या. कुठला भाग दोनदा वाजवायचा आणि दुसऱ्यांदा काय वेगळं करायचं, हे प्रतीवरच लिहून ठेवा. बंदिशीची अस्थाई दुसऱ्यांदा जशीच्या तशी कुणी गात नाही, इथेही तेच. किती सजवायचं याचा धडा ३३२च्या अडाजिओत, म्हणजे संथ मधल्या भागात आहे: सुरुवातीची चाल परत येते तेव्हा हस्तलिखितात ती साधी आहे, आर्तारियाच्या प्रतीत अलंकारांनी भरलेली. ते अलंकार आधी हातात बसवा, मग स्वतःचे सुचवून बघा. स्टुडिओत ऐन वेळी सुचलेली हरकत घेऊ नका असं मी म्हणेन. मैफलीत ती गोड लागते, ध्वनिमुद्रणात दहाव्यांदा ऐकताना टोचते.

वाद्य स्वतः जाऊन वाजवून बघा. मोत्झार्टकडे आंटोन वाल्टरचा पाच सप्तकांचा हलका पियानो होता, पेडलऐवजी गुडघ्याने उचलायचा दांडा असलेला. आजच्या ग्रँड पियानोवर डाव्या हाताची तीच साथ खर्जात गढूळ होते. म्हणून पेडल कुठे अजिबात नको तेही लिहून ठेवा. जुन्या धर्तीचा पियानो घेत असाल तर पट्टी बहुधा आजच्यापेक्षा जरा खालची, ४३० हर्ट्झची असेल. तो सूर कानात मुरायला दोनतीन दिवस द्या.

ट्यूनर सकाळी येऊन गेला एवढ्याने भागत नाही, तो दिवसभर हवा. टेक चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, खोली तापते, दमट होते आणि सूर सरकतो. मुंबईत करणार असाल तर पावसाळा टाळलेलाच बरा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आदल्या रात्रीच बघा: कुरकुरणारं स्टूल, नखं, घड्याळ, सळसळणारा शर्ट, कडक तळव्याचे बूट. पोट रिकामं ठेवू नका, त्याची गुरगुर मायक्रोफोन बिनचूक पकडतो. निर्मात्याच्या हातात तुमचीच आवृत्ती आणि तेच बार क्रमांक असू द्या, नाहीतर निम्मा वेळ ‘कुठून घ्यायचं?’ यातच जातो. प्रत्येक भागाची लय मेट्रोनोमच्या आकड्यात लिहा. संध्याकाळचा तुकडा सकाळच्या टेकला जोडताना तोच आकडा उपयोगी पडतो. आधी अख्खा भाग दोनतीनदा सलग वाजवा, ठिगळं नंतर. जोडणीसाठी रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतताही मुद्रित करून घ्या.

मायक्रोफोन कुठे लावायचे ते ध्वनिमुद्रकावर सोडा. तुम्ही फक्त एवढं पाहा की ३३२ चा शेवट धूमधडाक्यात नाही, हळूच विरत जातो. तो पूर्ण विरून लाल दिवा विझेपर्यंत स्टुलावरून हलू नका.