जुनी ८०० : आधी करंट, मग पेट्रोल

आमची मारुती ८०० ही १९९२ ची. पांढरी, चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग). आबांनी घेतली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला बॉनेटला हात लावायची मुभा नव्हती. आता आबा नाहीत, गाडी आहे, आणि बहुतेक रविवारी सकाळी ते बॉनेट उघडंच असतं. मी नोकरी बँकेत करते. गाडीचं जे काही येतं ते कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या बाकड्यावर बसून, चहा पीत आणि चुका करत शिकलेलं आहे. त्या मिस्त्रींना मी मामा म्हणते. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांचं, आणि चुका सगळ्या माझ्या.

हौसेनं दुरुस्ती शिकायची तर ८०० सारखी गाडी नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात आत जातो. गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तरी इंजिनाचे सुटे भाग अजून सहज मिळतात, कारण तेच इंजिन ओम्नीला होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. दुकानात ‘८०० चं नाही’ असं उत्तर मिळालं तर ‘ओम्नीचं द्या’ म्हणून बघा. पत्र्याचे भाग, दाराचे रबर, काचेच्या पट्ट्या यांना मात्र हे लागू नाही. त्यासाठी जुना बाजार. तुमची गाडी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) असेल तर पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कार्ब्युरेटरचा मजकूर सोडून पुढे जा.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, एक प्लग पाना, चपटा आणि फुलीचा डिस्मिस, पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायला). सॉकेट सेट नंतर घ्या. जॅक स्टँडची जोडी मात्र पहिल्याच दिवशी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, आणि विटा रचूनही नाही. वीट वजनाखाली कशी फुटते हे एकदा बघितलं की परत सांगावं लागत नाही. त्या वेळी सुदैवानं खाली फक्त माझी चप्पल होती.

आणि एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, का बदललं. ‘का’ हा रकाना माझ्या वहीत दोन वर्षं नव्हता, त्याची गोष्ट आता सांगते.

गाडी सकाळी एका चावीत सुरू व्हायची. गावात फिरताना काही नाही. रत्नागिरीला निघालं की मलकापूर सोडल्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, दोन आचके देऊन बंद. अर्धा तास झाडाखाली उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू. मी ठरवून टाकलं की पेट्रोल पोचत नाही. एका रविवारी पेट्रोल फिल्टर बदलला. दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर उतरवून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ केले. तिसऱ्या रविवारी पेट्रोल पंप नवा टाकला. चौथ्या रविवारी त्याच वळणावर गाडी बंद.

मामांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “ताई, बंद पडली तवा करंट बघितलासा का?”

करंट म्हणजे प्लगची ठिणगी. नव्हता बघितला. बंद पडलेल्या अवस्थेत मी एकही तपासणी केली नव्हती; घरी येऊन, थंड झालेल्या, चालू गाडीचे भाग बदलत बसले होते. दोष निघाला कंडेन्सरमध्ये. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाला, एका स्क्रूनं लावलेली बोटाच्या पेराएवढी डबी. गार असताना ठीक, तापली की दगा. किंमत म्हणाल तर दोन मिसळींएवढीसुद्धा नाही.

तर गाडी रस्त्यात बंद पडली की तिथेच, गरम असतानाच हे करा. आधी बॉनेट उघडून पेट्रोलचा वास किंवा ओल कुठे आहे का ते बघा. असेल तर ठिणगीचा खेळ अजिबात नको. कोरडं असेल तर एका प्लगची वायर काढून ती डिकीत ठेवलेल्या जादा प्लगला लावा, त्या प्लगचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीनं धरा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. निळी, कडक, टक् आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नाही, तर पेट्रोलच्या वाटेला जाऊच नका. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी), या क्रमानं बघा.

करंट ठीक निघाला तर मग पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरचा ॲक्सिलरेटरचा दांडा हातानं ओढा आणि तोंडात डोकवा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल आलंय. नसेल तर सगळ्यात आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. ‘सूं’ करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत पोकळी होऊन पंपाला पेट्रोल ओढवत नाहीये. हे कळायला पैसा लागत नाही. मी पंप नवा टाकला तो आठवून अजून चिडचिड होते.

पॉइंट लावणं अवघड नाही, किचकट आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायच्या आधी तिन्ही प्लग वायरींवर कागदी टेप लावून १, २, ३ लिहा. इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी एक तर सुरूच होत नाही किंवा बंदूक उडवते. मग प्लग काढून ठेवा, चावी बंद, गाडी चौथ्या गिअरमध्ये, आणि हळूहळू ढकला. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर येईल तिथे थांबा. तिथे पॉइंट सगळ्यात जास्त उघडतो. त्या फटीत ०.४५ मिमीचं फिलर गेज किंचित घासत गेलं पाहिजे. स्क्रू आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना फट हमखास सरकते. माझी पहिल्या खेपेला पाच वेळा सरकली. गेज पुसून घ्या. तेलाचा पुसटसा थरही पॉइंट जाळतो. नवा पॉइंट थोड्याच दिवसांत काळा पडला, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं, तर पॉइंटला शिव्या देऊ नका, कंडेन्सर बदला. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) थोडं हलतं, तेवढं मात्र मी मामांच्या टायमिंग लाइटवर बघून घेते.

प्लग काढलेच आहेत तर त्यांचे रंग बघा. खारी बिस्किटासारखा तपकिरी असला की इंजिन सुखात आहे. चुलीच्या काजळीसारखा कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, बहुतेक वेळा चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) पूर्ण आत जात नाही किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला, तेलकट काळा असेल तर तेल वर येतंय आणि खर्चाची तयारी ठेवा. प्लग बसवताना आधी बोटांनी आटे धरवा, पाना नंतर. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिरका घुसवला की आटे गेले.

आता गरम होण्याबद्दल. जुनी ८०० विकत घेणाऱ्यानं पहिल्यांदा बघावं की तिच्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का. ‘गाडी गरम होते’ म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. आमचाही असाच कुठल्यातरी गॅरेजमध्ये गेला होता, आणि आबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की पूर्वी ॲव्हरेज बरं होतं. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापायला फार वेळ घेतं, तोवर चोक ओढून गाडी चालते आणि पेट्रोल पिते. नवा आणला की बसवायच्या आधी पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवा, त्यात दोऱ्यानं टांगा. पाणी उकळायच्या थोडं आधी तो डोळ्यांदेखत उघडतो. उघडला नाही तर दुकानात परत. (पातेलं वेगळं ठेवा. घरात शांतता राहते.)

थर्मोस्टॅट ठीक असूनही तापमानाचा काटा वर जात असेल तर फॅन फिरतो का बघा. घाटात, ट्रॅफिकमध्ये तोच आधार. फॅनचं सॉकेट काढून मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या, बोटं पात्यांपासून लांब. फिरला तर मोटर चांगली आहे आणि दोष स्विच, फ्यूज किंवा वायरीत आहे. होज पाइप हातानं दाबा: लोण्यासारखा मऊ किंवा वाळल्या भाकरीसारखा कडक, दोन्ही वाईट. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजून घेतं.

चावी मारल्यावर स्टार्टर रडत असेल तर लगेच बॅटरी घेऊ नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. दोन्ही बरोबर असूनही रडत असेल तर अर्थची, म्हणजे बॅटरीपासून बॉडीला जाणारी, जाड वायर सोडवा, तिची दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, परत आवळा. आमच्या हेडलाइट एवढ्यानंच उजळल्या होत्या.

ब्रेकच्या कामाला माणूस लागतो, आणि ऐकणारा माणूस लागतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी मी ते पूर्ण बदलते. मागच्या चाकांपासून सुरुवात. आदल्या रात्री ब्लीडिंग निपलवर (चाकामागची, ब्रेकमधली हवा काढायची तोटी) गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, कारण गंजलेला निपल तुटला की रविवार आणि व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) दोन्ही गेले. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. माझी लेक पॅडलवर बसते. मी ‘दाब’ म्हटलं की तिनं दाबून ‘दाबला’ म्हणायचं, मग मी निपल सैल करते, बुडबुडे येतात, आवळते, आणि मगच ‘सोड’. पहिल्या वर्षी तिनं मोबाइल बघत मी आवळायच्या आधीच पाय उचलला, हवा परत आत, आणि आम्ही मायलेकी दुपारपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. मधून मधून वरच्या डबीत ऑइल भरत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून निघतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. आणि काम झाल्यावर पॅडल कडक लागतंय याची खात्री करून आधी गल्लीतच चार वेळा ब्रेक मारून बघा, हायवे नंतर.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि तीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. मी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि क्लिपा एकदम बदलल्या. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कशात होता ते कळतं’ या माझ्या नियमाला हा एकच अपवाद. गाडी महिनाभर उभी ठेवू नका. आठवड्याला एक चक्कर, किमान तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत.

गंजाबद्दल थोडक्यात, कारण उपाय थोडाच आहे. पावसाळ्याआधी दारांच्या खालच्या कडेला असलेली पाणी निघायची भोकं जुन्या आकड्यानं मोकळी करा. ती बुजली की दार आतून कुजतं. बॅटरीखालचा पत्रा सोड्याच्या पाण्यानं धुवून, वाळवून रंगवा. पायाखालच्या मॅट उचला, खालचं अस्तरही उचला, आणि डिस्मिसच्या मुठीनं ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे. धप्प आला तर तिथे फक्त रंग आणि जुनी पुट्टी आहे.

आमच्या गाडीचं आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण पंधरा वर्षांनी, २००७ मध्ये पहिल्यांदा झालं, त्यानंतर दर पाच वर्षांनी. पुढचं २०२७ मध्ये आहे. या मे महिन्यात ठोकत ठोकत ड्रायव्हरच्या बाजूला आले आणि क्लच पॅडलच्या खाली, वीतभर जागेत, धप्प आवाज आला. वेल्डिंग मी करणार नाही. ते मामांच्या शेजारचे पत्रावाले करतील, बॅटरी आणि सीट काढून. अस्तर मात्र मी काढून ठेवलंय, आणि वहीत ‘का’च्या रकान्यात लिहिलंय : वायपरखालून पाणी येतंय, आधी ते शोध.