घरमालक म्हणतो खोली खाली करा, मग काय करायचं?

भाऊ, आधी घाबरून सामान बांधू नका. भाडं थकलं असलं तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही, नुसतं तोंडी "उद्या निघा" चालत नाही. जळगावला आमच्या मालकाने भर मे महिन्यात नळाचा व्हॉल्व्ह बंद केला, पोरं रिकाम्या हंड्याजवळ बसलेली, असं पाणी-लाईट तोडणं बेकायदाच आहे, कोर्टात अर्ज करता येतो. भाडं घेतच नसेल तर मनीऑर्डर करा, पावती जपा. पण लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरती खोली वापरायला देणाऱ्या कराराची, मुदत संपली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हटून बसलात तर दुप्पट भाडं बसू शकतं.