टॉर्शन बार परत बसवताना या चुका टाळा

ट्रकचं पुढचं सस्पेंशन पूर्ण खोललं, नवे बुश टाकले, बॉल जॉइंट बदलले, सगळं परत बांधून गाडी जॅकवरून उतरवली आणि बघतो तर एक बाजू वर, एक खाली. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, दमला, नवीन आणू. बार क्वचितच दमलेला असतो. चूक बसवतानाही नाही, बऱ्याचदा खोलतानाच झालेली असते.

कॉइल स्प्रिंग तिच्या कपात बसली की विषय संपला, टॉर्शन बारचं तसं नाही. हा एक सरळ दांडा, एक टोक आर्ममध्ये, म्हणजे चाक धरून वरखाली होणाऱ्या दांडीत, दुसरं क्रॉसमेंबरमधल्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीतल्या, अँकर आर्ममध्ये, ज्याला काही जण की म्हणतात, आणि तो किती पिळलाय त्यावर गाडीची उंची ठरते. म्हणजे सगळं काम कोनाचं आहे. समजा बारच्या टोकाला 36 दाते आहेत, तर एक दात चुकला की 10 अंश गेले, आणि आर्म 300 मिलीमीटर लांब धरला तर चाकापाशी साधारण 5 सेंटीमीटरचा फरक पडला. मग माणूस तो फरक अ‍ॅडजस्टिंग बोल्ट, म्हणजे अँकर आर्म ढकलून बार पिळणारा बोल्ट, फिरवून भरून काढायला जातो, बोल्टचे आटे संपतात तरी उंची येत नाही. षटकोनी टोकाच्या बारला हा त्रास कमी, कारण तिथे एक जागा चुकली की थेट 60 अंशांचा फरक, तो लगेच कळतो.

म्हणून पाना लावायच्या आधी रंगाने खुणा करायच्या, बार आणि आर्मवर एक, बार आणि अँकर आर्मवर एक, आणि दोन्हीकडच्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवायचं. खूण रंगानेच करा, पंच किंवा छिन्नी बारला अजिबात लावू नका. बार पिळला जातो तेव्हा सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो, आणि काच कापताना आधी चरा पाडतात ना, तसाच हा ओरखडा काम करतो, तडा तिथूनच सुरू होतो. याच कारणाने बारच्या मधल्या भागाला पाइप पाना लावायचा नाही आणि अडकलाय म्हणून गॅसची ज्योत तर मुळीच नाही, उष्णतेने स्टीलचं टेंपर, म्हणजे त्याला दिलेलं पाणी, जातं. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवसापासून मारत राहा आणि ठोकायचंच असेल तर पितळी दांडा घेऊन टोकावर.

डावा बार उजवीकडे घालणं ही दुसरी मोठी चूक. दिसायला दोन्ही सारखे, लांबी सारखी, मापात बसतातही. पण हे बार बनवताना एकाच दिशेने मुद्दाम जास्त पिळून घेतलेले असतात, त्या दिशेचा भार त्यांना झेपतो, उलट्या दिशेचा नाही. उलटा बसवला की उंची हळूहळू उतरत जाते, नाहीतर बार तुटतो. टोकावर एल किंवा आर किंवा बाण कोरलेला असतो, माती पुसून बघा, आणि टोकं वायर ब्रशने साफ करा म्हणजे ती खूण दिसेलही आणि बार पूर्ण आतही जाईल. अर्धवट दात पकडलेला बार काही दिवस नीट चालतो आणि मग दात खाऊन टाकतो.

आता जिवाची गोष्ट. पिळलेल्या बारमध्ये त्या बाजूचा पूर्ण भार साठलेला असतो. काही गाड्यांत बोल्ट लांब असतो, तो सोडत गेलं की ताण पूर्ण उतरतो, पण काहींत बोल्ट निघतो तेव्हाही बार पिळलेलाच असतो, तिथे कंपनीने सांगितलेलं अनलोडर टूलच, म्हणजे ताण धरून हळूहळू सोडणारं हत्यार, लागतं. साध्या पुलरने किंवा सी क्लॅम्पने जुगाड करू नका, अँकर आर्म सुटला तर तो कुठे लागेल सांगता येत नाही. गाडी स्टँडवर, आर्म पूर्ण खाली लटकलेला, आणि आपलं डोकं किंवा हात अँकर आर्मच्या रेषेत नाही, एवढं पक्कं पाळा.

बसवताना टोकांना ग्रीस भरपूर, बोल्टच्या आट्यांनाही, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बुशकडे. रबरी बुश असलेले आर्म हवेत लटकलेले असतानाच पिव्हट बोल्ट, म्हणजे आर्म ज्यावर वरखाली फिरतो तो, पूर्ण कसले, तर बुश त्याच कोनात अडकतो आणि गाडी उतरवल्यावर तो स्वतःच स्प्रिंगसारखा पिळला जातो. उंची खोटी दिसते, गाडी आखडल्यासारखी चालते आणि नवाकोरा बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके ठेवा, भार चाकांवर आल्यावर चालण्याच्या उंचीला फायनल टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने कसा.

उंची मोजताना मडगार्डवरून मोजू नका, मागचे पाटे थोडे बसले असतील तर तेही त्यात मिसळतं. मॅन्युअलमध्ये पिव्हट आणि नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, यांच्यातलं माप दिलेलं असतं, ते घ्या. टायरची हवा सारखी, जमीन सपाट, गाडी पुढे-मागे ढकलून आणि दाबून मग माप. बोल्ट फिरवताना चाक उचला, दोन्हीकडे थोडं थोडं आळीपाळीने फिरवा कारण एक बाजू उचलली की दुसरीही हलते.

आणि एक गैरसमज, बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही. कडकपणा जाडी, लांबी आणि धातूवर, आणि जाडीच्या चौथ्या घातावर, म्हणजे बार 10 टक्के जाड केला तर साधारण 46 टक्के कडक. बोल्ट फक्त उंची बदलतो. जास्त आवळून पुढचा भाग उंच करणाऱ्यांची चाकं खाली झुकायला जागाच उरत नाही, खड्ड्यात ठक्क आवाज येतो, बॉल जॉइंट आणि सीव्ही बूट, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण, वाकड्या कोनात झिजतात.

उंची पक्की झाल्यावरच अलाइनमेंट करा, आधी केलंत तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) पुन्हा बदलणारच. नवे बुश काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, तेव्हा उंची परत मोजा, फरक आला असेल तर बोल्ट जुळवून अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्या.