वाय फेजसमोरची उणे खूण

आयटीआयला वीजतंत्रीची दोन वर्षं काढून मी भोसरीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या शेडमध्ये लागलो, तेव्हा मीटर जोडणं म्हणजे लाइनच्या वायरी आत आणि लोडच्या बाहेर, एवढंच डोक्यात होतं. घरचा मीटर तसाच असतो. ११ केव्हीच्या पॅनेलमधला मीटर मात्र लाइनचं तोंडही बघत नाही. पीटी, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, त्याला ११,००० व्होल्टचे ११० करून देतो आणि सीटी, म्हणजे करंट उतरवणारा, १०० अँपिअरचे ५. मीटर तेवढंच वाचतो आणि गुणकाने गुणतो. १००/५ चे २० आणि ११,०००/११० चे १००, म्हणजे गुणक २०००. सीटी १००/५ चा आणि मीटरमध्ये भरलं ५०/५, तर वायरिंग कितीही देखणं असो, युनिटं निम्मीच दिसणार.

माझी चूक मात्र वायरिंगची होती. एका कारखान्याच्या पॅनेलमधला चेक मीटर, म्हणजे महावितरणच्या मीटरशी पडताळा घ्यायचा मीटर, मी जोडला होता. चार्ज केल्यावर डिस्प्लेवर १८० किलोवॅट आले. आकडा आला म्हणून आम्ही चहाला गेलो. महिन्याने तिथल्या मेंटेनन्सवाल्यांचा फोन आला, महावितरणच्या मीटरच्या जेमतेम एक तृतीयांश युनिटं तुमचा मीटर दाखवतोय.

शेडमधल्या काकांनी पॅनेल न बघताच सांगितलं, "एक सीटी उलटा आहे."

तिन्ही फेजवर सारखा लोड होता. १८० अधिक १८० अधिक १८०. एक उलटा झाला की १८० अधिक १८० वजा १८०. साइटवर जाऊन बटण दाबत फेजवार किलोवॅटच्या पानापर्यंत गेलो, तर आर, वाय, बी या तीन फेजपैकी वायच्या आकड्याआधी बारीकशी उणे खूण. पहिल्या दिवशीही ती तिथेच असणार. मी फक्त पहिलं पान बघितलं होतं.

चूक पकडायची तर हे आकडे लक्षात ठेवा. तीन फेज चार वायरच्या जोडणीत पीटीचा एक फ्यूज गेला की साधारण दोन तृतीयांश दिसतं. दोन फेजच्या सीटी वायरींची अदलाबदल झाली, तर सारख्या लोडवर बेरीज शून्याजवळ येते. शून्य दिसलं की कोणीतरी ओरडतंच. एक तृतीयांशवर कोणी ओरडत नाही, तो आकडा खराच वाटतो.

चार्ज करण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे सीटी सुलटा की उलटा, ते बघायची जुनी युक्ती अजून चालते. ९ व्होल्टच्या सेलचा प्लस पी१ ला, मायनस पी२ ला (सीटीची प्रायमरी, म्हणजे लाइनकडची टोकं) क्षणभर टेकवायचा आणि एस१-एस२ वर (सेकंडरी, म्हणजे मीटरकडची टोकं) काट्याचा मीटर धरायचा, प्लस एस१ ला. टेकवताना काटा पुढे उडाला तर बरोबर. डिजिटल मीटरवर हा झटका नीट कळत नाही, म्हणून काकांच्या पेटीत जुना काट्याचा मीटर आहे. फेरूलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला घातलेल्या नंबराच्या नळीवर, विसंबू नका. डी३१ लिहिलेलं फेरूल मीच घातलं होतं, चुकीच्या वायरीवर. दोन्ही टोकांपासून बेल टेस्ट घ्या, म्हणजे वायर तीच आहे का ते वाजवून बघा.

आता जिवाचं बोलतो. चालू सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवायची नाही. प्रायमरीचा करंट थांबत नाही, तो सगळा कोअर चुंबकित करण्यात जातो आणि एस१-एस२ वर जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. मीटर काढायचा तर आधी टीटीबीवरच्या (टेस्ट टर्मिनल ब्लॉक, मीटरच्या आधीची जोडपट्टी) शॉर्टिंग लिंक बसवा, क्लॅम्प मीटरने मीटरकडच्या वायरीत करंट शून्य झाल्याची खात्री करा, मगच स्क्रूला हात लावा. पीटीचं नेमकं उलटं, तिथे शॉर्ट करायचं नाही, फ्यूज काढायचा. अर्थिंग दोन्हीच्या सेकंडरीला हवं, पण एकाच ठिकाणी.

केबलची लांबी कोणी विचारात घेत नाही. मीटर ३० मीटर लांबच्या कंट्रोल रूममध्ये, परतीची वायर प्रत्येक फेजला वेगळी, म्हणजे जाऊन येऊन ६० मीटर. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.४४ ओहम. ५ अँपिअरवर ११ व्हीए तारेतच गेले, आणि सीटीच्या प्लेटवर त्याला पेलणारा भार १० व्हीए लिहिलेला. तोच सीटी १ अँपिअर सेकंडरीचा असता, तर अर्ध्या व्हीएत भागलं असतं. लांबचा मीटर असेल तर ऑर्डर देतानाच १ अँपिअरचा मागा.

माझी वायर टीटीबीवर आलटापालट करूनही आकडा सरळ झाला असता. मी तसं सुचवलंही. काका म्हणाले, "पुढचा माणूस ड्रॉइंग बघून येईल, तुला विचारून नाही." मग रविवारचं शटडाउन, परमिट, अर्थिंग रॉड, सीटीच्या पेटीचं झाकण. सकाळी नऊला गेलो, दीड वाजला. स्क्रू दोनच होते.