रुमाल आधी कुणी टाकला?

पीएचडीसाठी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आले तेव्हा प्रश्न सोपा वाटला होता: हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात वाढलेला ब्राउन ट्राउट मासा आणि ओढ्यातला जंगली ट्राउट एकत्र आले, तर जागा कोण बळकावतो? टाकीत गोटे पसरले, पाणी वाहतं केलं, दोन पिल्लं सोडली. बहुतेक लढती जंगली माशाने जिंकल्या. मी खूश.

गाइडनी एवढंच विचारलं, “टाकीत आधी कोण गेलं?”

जंगली. ओढ्यातून आणलेले मासे बादलीत ताटकळायला नकोत म्हणून मी त्यांना आदल्या संध्याकाळीच सोडायचे, हॅचरीवाल्यांना सकाळी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात अख्खं कॉलेज गेलं, तरी हे सुचू नये! ट्राउटमध्ये आधी येऊन बसलेला मासा बरोबरीच्या आकाराच्या घुसखोराला बहुधा हाकलून लावतो. मी मोजत होते तो रुमालच. तीन आठवडे पाण्यात गेले.

मग टाकीत मधोमध पडदी घातली, दोघांना एकाच वेळी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पडदी उचलली. वजनं जुळवून घ्या. जरासा मोठा मासाही पारडं फिरवतो.

बघायचं काय, तर चावे मोजत बसू नका. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. भांडण त्या जागेसाठीच असतं. हरलेला अक्षरशः काळवंडतो, पर मिटून कोपरा धरतो. एकदा हा रंग ओळखता आला की निकाल लांबूनही कळतो.

हॅचरीत गर्दी असते, खाणं वरून पडतं, जागा राखायची गरजच नसते. म्हणून हे मासे बुळे असतील असं मी धरून चालले होते. उलट पिढ्यान्पिढ्या तिथे वाढलेले कित्येकदा जास्त भांडकुदळ निघतात, आणि शत्रूला कमी घाबरतात. टाकीत दादागिरी केली म्हणजे बगळे टपलेल्या ओढ्यात तगतील, असं नाही.

एक अडचण मला अजून सुटलेली नाही. हॅचरीच्या माशांचे पर झिजलेले असतात, त्यामुळे लढतीचा व्हिडिओ बघून निकाल लिहिणाऱ्याला कोण कुठला ते लगेच कळतं, आणि नकळत त्याचा कल निकालात उतरू शकतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी हातात आल्याशिवाय मासे धरायला जाऊ नका. आणि टाकीसमोर काळा पडदा लावून भोकातून बघा, मोबाईल खिशात ठेवून. माझी स्क्रीन एकदा उजळली आणि ऐन भांडणात दोघंही दगडाखाली गेले.